पासपोर्ट आधी, राजीनामा नंतर

पत्र थोडक्यात असं:

लेखिका 28 वर्षांची, सिंहगड रोडची. इंग्रजीत एम.ए. केलं, तीन वर्षं एका क्लासमध्ये स्पोकन इंग्लिश शिकवलं. पुण्यातल्याच एका एजंटामार्फत जुलैत व्हिएतनामला गेली. हो ची मिन्ह सिटीजवळच्या एका शहरात लहान मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या खासगी केंद्रात नोकरी. एजंटाचे 1 लाख 40 हजार, तिकीट, सुरुवातीचं घरभाडं असं मिळून पतसंस्थेचं 2 लाखांचं कर्ज डोक्यावर. करार 12 महिन्यांचा. आठवड्याला 20 तास शिकवायचं आणि महिन्याला अडीच कोटी डोंग, म्हणजे आपले 80-85 हजार रुपये, असं ठरलेलं. प्रत्यक्षात आठवड्याला 33-34 तास, शनिवार-रविवार दिवसभर, दोन शाखांमध्ये स्कूटरवरून ये-जा. सप्टेंबरचा पगार निम्मा, ऑक्टोबरचा नाहीच, नोव्हेंबरचं कुणी नाव काढत नाही. विचारलं की 'टेटच्या (तिथल्या नववर्षाच्या) आधी बोनससकट सगळं देऊ.' पासपोर्ट केंद्राच्या कपाटात. पालकांसमोर तिची ओळख 'मिस रोझ, फ्रॉम लंडन' अशी करून देतात, आणि केंद्राच्या आवारात मराठीत फोन घ्यायचा नाही अशी ताकीद आहे. मध्येच सोडलं तर तीन महिन्यांचा पगार दंड, असं करारात कलम आहे. एजंट म्हणतो, विमानतळावर अडवतील, ब्लॅकलिस्ट होशील. इकडे आईने स्थळांसाठी छापलेल्या बायोडेटात 'व्हिएतनाम येथे इंग्रजीची प्राध्यापिका' असं लिहिलं आहे. लेखिका विचारते: उरलेले सात महिने दातओठ खाऊन काढू, की सोडून येऊ? सोडलं तर दिलेला शब्द मोडल्यासारखं होईल का? आणि मुलांचं काय?

*

पत्रात तू मला मावशी म्हटलं आहेस, तेव्हा अहो-जाहो सोडूनच देते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना पगार आणि तास यांनीच डोकं भणाणलं. दुसऱ्यांदा मात्र एका ओळीपाशी थांबले. ती तू कंसात टाकली आहेस: 'मध्ये ऑक्टोबरच्या सुरुवातीला कंबोडियाच्या हद्दीवर जाऊन शिक्का मारून आणला, पहाटे चारची बस, फार थकले. त्या दिवसापुरता पासपोर्ट हातात दिला, संध्याकाळी परत घेतला.' तू ही दमल्याची तक्रार म्हणून लिहिलीस. मला विचारशील तर तुझ्या अख्ख्या पत्रात याहून महत्त्वाचं वाक्य नाही.

व्हिएतनाममध्ये परदेशी माणसाला शिकवायचं तर वर्क परमिट लागतं. ते काढायची जबाबदारी नोकरी देणाऱ्याची, आणि क्रम असा की परमिट आधी, करारावर सह्या नंतर. त्यासाठी पदवीचं प्रमाणपत्र आपल्याकडे मंत्रालयातून, मग परराष्ट्र खात्यातून साक्षांकित करून घ्यायचं, त्यावर व्हिएतनामच्या वकिलातीचा शिक्का घ्यायचा. शिकवण्याचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, पोलीस क्लिअरन्स लागतो. यातलं काही केल्याचा तुझ्या पत्रात उल्लेख नाही. आणि ज्याच्याकडे परमिट असतं, तो शिक्क्यासाठी पहाटेच्या बसने हद्दीवर जात नाही. तसा जातो तो ई-व्हिसावर राहणारा माणूस. ऑगस्ट 2023 पासून तिथला ई-व्हिसा 90 दिवसांचा मिळतो. तो संपत आला की देशाबाहेर पडायचं आणि नवा व्हिसा घेऊन पुन्हा आत यायचं. तू जुलैत गेलीस, ऑक्टोबरच्या सुरुवातीला हद्दीवर जाऊन आलीस. बोटं मोजून बघ, दुसरा व्हिसा डिसेंबरच्या अखेरीस कधीतरी संपतो.

म्हणजे तू पाच महिने परमिटशिवाय शिकवते आहेस, असा माझा अंदाज आहे. तो चुकीचा असेल, तुझ्या नावाचं परमिट खरंच निघालं असेल, तर मला आनंदच होईल. ते एकदा डोळ्यांनी बघ. 'ऑफिसमध्ये आहे' हे उत्तर चालणार नाही.

अंदाज बरोबर असेल तर गोष्ट दोन्ही बाजूंनी बदलते. वाईट बाजू आधी सांगते. कायद्याच्या नजरेत तूही अडचणीत आहेस. परमिटशिवाय काम करणाऱ्या परदेशी माणसाला तिथे दीड ते अडीच कोटी डोंग दंड आणि देशाबाहेर रवानगी, अशी तरतूद आहे. आपल्या हिशेबात 50 ते 85 हजार रुपये. म्हणून रागाच्या भरात तिथल्या कामगार कार्यालयात एकटीने तक्रार करायला जाऊ नकोस. आता दुसरी बाजू. केंद्राला होणारा दंड याहून बराच मोठा असतो आणि मालकाला ते पक्कं ठाऊक आहे. तीन महिन्यांच्या पगारासाठी तुझ्यावर दावा लावायचा तर आधी त्यालाच कोर्टात सांगावं लागेल, की या बाईला मी परमिटशिवाय कामावर ठेवलं होतं. असा दावा कोण लावेल? एजंटने तुला ज्या बागुलबुवाची भीती घातली आहे, तो बागुलबुवा स्वतःच लपून बसलेला आहे.

विमानतळाचंही तसंच. एका खासगी क्लासच्या मालकाने फोन केला म्हणून कुणी प्रवाशाला विमानातून उतरवत नाही. अडवतात ते व्हिसाची मुदत संपूनही राहिलेल्याला. म्हणून तुझ्यापुरती महत्त्वाची तारीख एकच, आणि ती करारावर नाही, व्हिसावर आहे.

आता तुझ्या 'शब्दा'बद्दल. दिलेला शब्द पाळायचा हे आपल्या घरांत मुंजीच्या वयापासून कानावर पडतं आणि ते वाईट नाही. पण करारात शब्द दोघांनी दिलेला असतो. तुझ्याकडून 20 तास आणि त्यांच्याकडून अडीच कोटी डोंग. तू 20 च्या जागी 34 दिलेस. त्यांनी काय दिलं ते तूच लिहिलं आहेस. तिथला कामगार कायदा, जो 1 जानेवारी 2021 पासून लागू आहे, हे अगदी साध्या भाषेत मांडतो: 12 ते 36 महिन्यांचा करार असेल तर नोकराने 30 दिवसांची सूचना देऊन सोडावं. पण पगार पूर्ण किंवा वेळेवर दिला नसेल, ठरलेल्या अटींप्रमाणे काम दिलं नसेल, अपमानास्पद वागणूक असेल, तर सूचना न देताही सोडता येतं. आणि एखाद्याने काहीही कारण नसताना, नियम मोडून नोकरी सोडली, तरी त्याने द्यायची भरपाई म्हणजे अर्ध्या महिन्याचा पगार आणि न दिलेल्या सूचनेच्या दिवसांचा पगार. मालकाने खर्च करून प्रशिक्षण दिलं असेल तर तेवढा खर्च. तीन महिन्यांचा दंड कुठून आला? मालकाच्या कॉम्प्युटरमधून. तुझ्यासारख्यांनी तो वाचावा आणि गप्प बसावं, एवढ्यासाठीच असली कलमं टाइप केलेली असतात.

हे सगळं कळलं तरी तुझा पाय निघणार नाही, हे मला माहीत आहे. कारण तुला बांधून ठेवणारी दोरी दंडाची नाहीच. ती थकलेल्या पगाराची आहे.

हे मी स्वतः भोगलेलं आहे. 1990 च्या दशकात पुण्यातल्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर, म्हणजे आपल्या भाषेत सीएचबीवर, इंग्रजी शिकवत होते. चार महिने पगार नाही. पाचव्या महिन्यात राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला आणि प्राचार्यांच्या केबिनबाहेर बाकावर बसले. आत गेल्यावर ते म्हणाले, "मॅडम, विद्यार्थ्यांकडे बघून तरी मार्चपर्यंत थांबा. बिल मंजूर व्हायलाच आलंय." मी थांबले. विद्यार्थ्यांकडे बघून थांबले असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मनात हिशेब चालू होता, की आता सोडलं तर चार महिन्यांचे पैसे बुडतील. मार्च आला तेव्हा चाराचे आठ झाले होते आणि सोडणं आणखी अवघड होऊन बसलं होतं. पैसे मिळाले पुढच्या दिवाळीनंतर, तेही बरीच कापाकापी करून. राजीनाम्याचा तो कागद घडीवर फाटेपर्यंत पर्समध्ये होता.

तेव्हापासून एक गोष्ट मी बघत आले आहे. संस्थेला विद्यार्थ्यांची आठवण नेमकी आपण पगार मागितला की येते.

तुझ्या बाबतीत हिशेब असा आहे. अर्धा सप्टेंबर, पूर्ण ऑक्टोबर, पूर्ण नोव्हेंबर म्हणजे सव्वासहा कोटी डोंग, अदमासे 2 लाख 10 हजार रुपये. तुझं कर्ज जवळपास तेवढंच. म्हणून तुला वाटतं की हे पैसे घेतल्याशिवाय घरी जाताच येणार नाही. पण टेट आहे 17 फेब्रुवारी 2026 ला. टेटच्या आधी देऊ म्हणजे अजून दोन महिने शिकव. तोवर थकबाकी साडेतीन लाखांच्या पुढे जाईल आणि तू आणखी घट्ट बांधली जाशील. शिवाय मध्ये तुझा व्हिसा संपणार, पुन्हा पहाटेची बस. ज्या माणसाने तीन महिने पगार दिला नाही, तो सणाच्या तोंडावर पाच महिन्यांचा एकदम देईल, असं तुला खरंच वाटतं? मागायचे ते पैसे लेखी माग, मागत राहा. पण मनातल्या वहीत ते बुडीत खात्यात टाक. परतीचं तिकीट त्या पैशांवर अवलंबून ठेवू नकोस.

सात महिने काढण्याचा पर्याय मी तरी खोडते. केंद्राला 'माझं परमिट काढा' म्हणून बघण्याचा पर्याय तुझ्या मनात येईल. कागदोपत्री तो शहाणपणाचा दिसतो, पण पगार न देणाऱ्या माणसाकडून परमिट घेऊन त्याच्याशीच आणखी कायदेशीररीत्या बांधून घ्यायचं, यात मला काही राम दिसत नाही. तिसरा पर्याय, तिथेच दुसरी चांगली शाळा बघायची. हा मला आवडतो, पण आत्ता नाही. कारण नव्या शाळेला लागणारे कागद, पदवीवरचे शिक्के, पोलीस क्लिअरन्स, हे सगळं करायला तुला असंही भारतात यावं लागेल किंवा कुणाला तरी मंत्रालयात हेलपाटे घालायला लावावे लागतील. तेव्हा परत ये. पुन्हा जायचं की नाही ते पुण्यात बसून, स्वतःचा पासपोर्ट स्वतःच्या कपाटात ठेवून ठरव.

आता कसं निघायचं ते, कारण इथे क्रम चुकला तर त्रास होतो. तुझ्या पत्रावरून वाटतं की तू उद्या सकाळी जाऊन मालकाला सगळं सुनावणार आहेस. थांब. पासपोर्ट आधी, राजीनामा नंतर.

पासपोर्टवर केंद्राचा काडीचाही हक्क नाही. आपल्या 1967 च्या पासपोर्ट कायद्याचं कलम 17 म्हणतं की पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. आणि व्हिएतनामच्या कामगार कायद्यात नोकराची मूळ ओळखपत्रं, पदव्या, प्रमाणपत्रं मालकाने ठेवून घेऊ नयेत असं जे कलम आहे, तेही योगायोगाने 17 वंच. दोन देश, दोन कायदे, एकच आकडा. लक्षात ठेवायला सोपं! पण कलमं ऐकवून कपाट उघडत नसतं, तेव्हा आधी साधं माग. कारणही खरंच आहे: परदेशी भाडेकरूच्या राहण्याची नोंद घरमालकाला पोलिसांत करावी लागते, त्यासाठी पासपोर्ट लागतो. 'झालो' या तिथल्या मेसेजिंग अ‍ॅपवर मेसेज टाकून माग, म्हणजे मागितल्याचा पुरावा राहील. उत्तर टाळाटाळीचं आलं तर हो ची मिन्ह सिटीतल्या भारतीय वाणिज्य दूतावासात जा. परराष्ट्र खात्याचं 'मदद' हे पोर्टल आहे, त्यावरही तक्रार नोंदव आणि नोंदणी क्रमांक जपून ठेव. दूतावासातल्या माणसाला परमिटबद्दल खरं ते सांग, लपवू नकोस. हे प्रकरण तिथे काही पहिलंच नसेल. अगदीच हाती लागला नाही तर परतीसाठी तात्पुरता दाखला दूतावास देऊ शकतो, पण त्याला पोलीस नोंद लागते आणि वेळ जातो. म्हणून डिसेंबरचा शेवटचा आठवडा उजाडायची वाट बघू नकोस. आणि हेही तुझ्या लक्षात आलंच असेल, की पुढच्या हद्दीच्या फेरीच्या दिवशी पासपोर्ट तुझ्या हातात असणार आहे. तो दिवस मी शेवटचा उपाय म्हणून मनात ठेवला असता. सामान मागे टाकून रातोरात निघायची वेळ तुझ्यावर येऊ नये, पण आली तर सामानाचं वाईट वाटून घेऊ नकोस.

पासपोर्ट येईपर्यंत केंद्रात काहीच बदललेलं दिसू देऊ नकोस. तास घे, हस. मधल्या काळात मोबाईलमध्ये गोळा कर: कराराच्या प्रत्येक पानाचा फोटो, आठवड्याची वेळापत्रकं, झालोवरचे पगाराचे मेसेज, एजंटला दिलेल्या पैशांचे गूगल पेचे स्क्रीनशॉट. पगार रोख पाकिटात देतात असं तू लिहिलं आहेस. कोणत्या तारखेला किती मिळाले ते आठवून आजच लिहून काढ. हे सगळं पुण्यातल्या एखाद्या विश्वासाच्या माणसाला ईमेल कर. पासपोर्ट हातात आला की तिकीट, आणि तिकीट झाल्यावर चार ओळींचं पत्र: पगार थकल्यामुळे आणि कामाचे तास करारापेक्षा जास्त असल्यामुळे मी काम थांबवत आहे, माझे एवढे पैसे बाकी आहेत, या खात्यात भरा. त्यात राग नको, उपदेश नको. लंडनबद्दल तर अवाक्षर नको. मुंबईचं थेट विमान तिथून मिळतं.

मुलांबद्दल तू जे लिहिलं आहेस ते मला खरं वाटलं, प्राचार्यांच्या तोंडचं नाही. 20 नोव्हेंबरला, तिथल्या शिक्षकदिनी, सहा वर्षांच्या एका पोराने प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं गुलाब दिलं आणि 'को रोझ', म्हणजे 'रोझ बाई', म्हणाला. रोझला रोझ! तू लिहितेस की तुला त्या क्षणी रडू आलं, ते गुलाबाने की नावाने कळलं नाही. मला वाटतं नावाने. तुला पगारापेक्षाही जास्त हे बोचतंय, पण तक्रारीत मांडण्यासारखं ते तुला वाटत नाही. राजीनाम्यात नको, पण मोकळेपणाने मांड. तुझं इंग्रजी तुझ्या नावासकट, तुझ्या उच्चारासकट चांगलं आहे, म्हणूनच 34 तास तुझ्या गळ्यात मारले जातात. लंडन हा केंद्राचा धंदा आहे, तुझी पात्रता नाही. पोरांसाठी करता येण्यासारखं एक काम आहे. प्रत्येक वर्गाची एक पानी टिपणं लिहून टेबलाच्या खणात ठेव: कुठवर शिकवून झालं, कोण बोलायला लाजतं, कोणाला चित्र दाखवल्याशिवाय शब्द लागत नाही. पुढच्या शिक्षकाला ती सोन्यासारखी वाटतील. सहा वर्षांची मुलं शिक्षक बदलला म्हणून मोडून पडत नाहीत. चिडलेल्या, अर्धपोटी शिक्षकाचा त्रास मात्र त्यांना रोज होतो.

आता सिंहगड रोडकडे येऊ. तुझ्या पत्राची चार पानं व्हिएतनामबद्दल आहेत आणि बायोडेट्याबद्दल फक्त एक वाक्य. पण मला वाटतं तुझी झोप त्या एका वाक्याने उडवली आहे. आईने सोसायटीत सांगितलं, भिशीत सांगितलं, कागदावर छापलं. आता परत गेले तर आईचं काय? असा तुझा प्रश्न आहे. एक विचारू? तू आईला यातलं काय काय सांगितलं आहेस? मला तरी वाटतं की काहीच नाही. तिला अजून तुझे टेरेसवरचे आणि फो, म्हणजे तिथलं नूडल सूप, खातानाचे फोटोच दिसताहेत. मग ती प्राध्यापिका छापेल नाही तर काय करेल? तिच्याकडे असलेल्या माहितीच्या हिशेबाने ती बरोबरच वागते आहे.

तिकीट काढायच्या आधी फोन कर. अचानक दारात बॅग घेऊन उभी राहू नकोस; त्याने माणसं नको त्या शंका घेतात. आणि 'मला इथे आवडत नाही' असं म्हणू नकोस, कारण त्यावर 'थोडं सोस गं, सगळ्यांनाच सुरुवातीला होतं' हे उत्तर ठरलेलं आहे. आकडे सांग. "आई, अडीच महिन्यांचा पगार दिलेला नाही. पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतलाय. माझा इथला कामाचा परवाना काढलेलाच नाही. मी या महिनाअखेर परत येतेय, हप्ता मी भरणार आहे." एवढं स्पष्ट ऐकल्यावर 'सोस' म्हणणारी आई मी तरी अजून पाहिलेली नाही. बाबा एसटीतून निवृत्त झालेत ना? थकलेला पगार आणि थांबलेला डीए म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. फोन आधी त्यांना लाव, हवं तर. सोसायटीत दोन आठवडे विषय पुरेल, मग रिडेव्हलपमेंटची पुढची मीटिंग येईल आणि सगळे कार्पेट एरियावर भांडू लागतील. बायोडेटा मात्र बदला. पहिल्याच ओळीत थाप असलेल्या कागदावरून स्थळ जमवायचं आणि मग जन्मभर ती निस्तरायची, हे व्हिएतनामपेक्षा महाग पडेल.

पुण्यात आल्यावर काय? उगाच गोड बोलत नाही. इथे इंग्रजी शिकवण्याला पैसा कमी आहे. पहिले काही महिने तुला तिथे कबूल केलेल्या पगाराच्या निम्मेही मिळणार नाहीत. पण तिथे तुला कबूल केलेलं मिळत होतं कुठे? पावणेसात हजारांचा हप्ता आयईएल्टीएसच्या दोन बॅच घेऊन भरता येतो. विद्यापीठात आणि कॉलेजांत शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजीची शिकवणी हवी असते, आणि ज्यांची भाषा आपल्याला येत नाही अशा मुलांना शिकवायचं कसब तू आता कमावलं आहेस, एम.ए. झालेल्या दहाजणींत ते एकीकडेही नसतं. हे अनुभवपत्रात लिही, पाच महिने असले तरी लिही. 'मध्येच का सोडलं' याचं उत्तर एका वाक्याचं आहे: पगार दिला नाही. पुन्हा परदेशी जायचं मनात असेल तर बी.एड. किंवा इंग्रजी शिकवण्याचा 120 तासांचा सेल्टा कोर्स यांपैकी काहीतरी पदरात पाडून घे. चांगल्या शाळा ते विचारतात, आणि जे विचारतच नाहीत त्यांची गत तू बघितलीस. कॉलेजात जायचं असेल तर सेटची परीक्षा आहे. सीएचबीवर जाणार असशील तर आधी मला भेट!

एजंटकडे परत आल्यावर बघू. परदेशी नोकऱ्यांसाठी माणसं पाठवणाऱ्या नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट पोर्टलवर असते. त्यात त्याचं नाव आहे का ते आत्ताच शोध. नोंदणीकृत एजंटाला घेता येणाऱ्या सेवाशुल्काची मर्यादा 30 हजार रुपये आणि वर जीएसटी एवढी आहे. तुझ्याकडून घेतलेले 1 लाख 40 हजार त्याच्या शेजारी ठेवून बघ. पुण्यात जिल्हा ग्राहक आयोग आहे. घटना घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील हवाच असंही नाही. वर्क परमिटचं कबूल करून ई-व्हिसावर पाठवलं, हे तुझ्या चॅटमध्ये कुठे लेखी असेल तर ते सापडेपर्यंत शोध. पण त्याला आत्ता काही कळू देऊ नकोस. तो तुझ्या केंद्राच्या मालकाशी रोज बोलतो.

अशी पत्रं मला आणखीही येतात, म्हणून ज्यांच्या बॅगा अजून भरायच्या आहेत त्यांच्यासाठी थोडं. 'टुरिस्ट किंवा ई-व्हिसावर या, बाकीचं इथे करू' असं कुणी म्हणालं की तिथेच थांबायचं. कागद पुण्यातून पूर्ण होऊन जायला हवेत, त्याला महिना-दीड महिना जास्त लागला तरी चालेल. करारात शिकवण्याचे तास आणि हजर राहण्याचे तास वेगळे लिहून घ्या. 20 चे 34 तिथेच होतात. त्या संस्थेत आधी काम केलेल्या, म्हणजे सोडून गेलेल्या, एका तरी भारतीय शिक्षकाशी बोला. आत्ता कामाला असलेला माणूस मोकळेपणाने बोलू शकत नाही. आणि जाताना परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवून जा, ज्याला काहीही झालं तरी हात लावायचा नाही. ज्यांच्याकडे रीतसर परमिट आहे त्यांनी तिथे सोडताना 30 दिवसांची सूचना लेखी द्यावी. हिशेब 14 कामाच्या दिवसांत मिटवायचा असं तिथला कायदा सांगतो. देश बदलला की नियम बदलतात. दुबईत सूचनेचा काळ 30 ते 90 दिवसांचा असतो, थायलंडमध्ये नोकरी संपली की त्या नोकरीवर मिळालेली राहण्याची परवानगीही संपते. दुसऱ्याच्या अनुभवावरून आपला राजीनामा लिहू नका.

तुला मात्र आज रात्री एकच काम. जुलैत आणि ऑक्टोबरमध्ये ई-व्हिसा मंजूर झाल्याचे ईमेल तुझ्या किंवा एजंटच्या नावाने आले असतील, मोबाईलमध्ये पीडीएफ असेल. ती उघड आणि दुसऱ्या व्हिसाची शेवटची तारीख कोणती ते बघ. मी बोटांवर मोजलेली तारीख दोन-चार दिवसांनी चुकलेली असू शकते, आणि तुझं तिकीट त्याच्या आतलं हवं.